१४वी दुरुस्ती खासगी कंपनीला लागत नाही, प्लीज लोकांना चुकीचं सांगू नका

मिलिंद: काल इथे कोणीतरी लिहिलं की अमेरिकेत वंशावरून नोकरीत डावललं तर घटनेच्या १४व्या दुरुस्तीच्या (सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण) जोरावर थेट कंपनीला कोर्टात खेचा. डोकंच फिरलं. ती दुरुस्ती सरकारला बांधते. खासगी मालकाला बांधतं ते १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातलं टायटल सेव्हन, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाबद्दलचा भाग, तेही किमान १५ कर्मचारी असतील तरच.

सुजाता: ती पोस्ट माझी. सरकारी नोकरीत घटना चालते की नाही?

मिलिंद: चालते, पण भेदभावाचा हेतू सिद्ध करावा लागतो. १९७६ चा वॉशिंग्टन विरुद्ध डेव्हिस. पोलिसभरतीच्या परीक्षेत कृष्णवर्णीय कितीतरी जास्त नापास व्हायचे, तरी सुप्रीम कोर्ट म्हणालं नुसता परिणाम पुरेसा नाही.

अभय: आणि बरोबरच म्हणालं! न्यू हेवनच्या फायरमन रिचीला डिसलेक्सिया, पुस्तकं पदरचे पैसे देऊन टेपवर वाचून घेतली, पास झाला आणि शहराने निकालच बाजूला ठेवला, का तर कृष्णवर्णीय कमी पास झाले. २००९ ला ५ विरुद्ध ४ ने जिंकला बिचारा.

सुजाता: मग ड्यूक पॉवर या वीज कंपनीचंही सांगा की. काळ्या कामगारांना फक्त लेबर खातं, तिथला सगळ्यात जास्त पगार बाकी खात्यांतल्या सगळ्यात कमी पगारापेक्षा कमी. टायटल सेव्हन लागू झालं २ जुलै १९६५ ला आणि त्याच दिवशी कंपनीने नव्या चाचण्या आणल्या! हेतू काय कागदावर लिहून देणार होते? १९७१ ला त्यावरच्याच ग्रिग्ज खटल्यात कोर्टाने एकमताने सांगितलं, कामाशी संबंध नसलेली चाळणी चालणार नाही.

विनया: तुमचे खटले राहू द्या, मुदतीचं बोला. माझ्या रिव्ह्यूमध्ये मॅनेजरने लिहिलं होतं 'क्लायंटला हिचं बोलणं कळत नाही', आणि त्याच क्लायंटने मला थँक्यूचा मेल केलेला. प्रमोशन दुसऱ्याला. मी वर्षभर एचआरच्या मागे फिरले, मग कळलं ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणारं सरकारी खातं) तक्रार १८० दिवसांत, बऱ्याच राज्यांत ३०० दिवसांत. माझे दिवस कधीच उलटून गेलेले.

अभय: वर्षभर थांबायचंच कशाला? कायदा माहीत नसणं हा तुमचा प्रॉब्लेम.

विनया: जीभ आवरा. व्हिसा त्याच कंपनीच्या हातात होता माझा, लगेच तक्रार करून घरी जायचं होतं का?

मिलिंद: विनयाताई, १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेलं कलम १९८१ वकिलाला दाखवलंत का? त्याला ईईओसी लागत नाही, १५ ची अट नाही, प्रमोशनसाठी मुदत ४ वर्षं.

अभय: पण ते वंशासाठी, मूळ देशासाठी नाही. ॲक्सेंट म्हणजे नॅशनल ओरिजिन.

सुजाता: १९८७ ला अल-खझराजी खटल्यात कोर्टाने वांशिक मूळसुद्धा त्यात धरलंय, तो माणूस इराकमध्ये जन्मलेला, अरब वंशाचा होता.

अभय: बरं, तेवढं मान्य. व्हिसाचं माहीत नव्हतं मला.

विनया: साडेतीन वर्षं झालीत. रिव्ह्यूची प्रिंट आहे माझ्याकडे, मेलही आहे. सोमवारी वकिलाला फोन करते.