पुढच्या डाव्या चाकाचा कॅलिपर निघत नाही

सदनिका २०४ : सर्वांना नमस्कार. सकाळपासून खाली पार्किंगमध्ये गाडीचे पुढचे ब्रेक पॅड बदलत आहे. उजवी बाजू पाऊण तासात झाली. डावीकडे मात्र बोल्ट काढल्यावरही कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारी पकड) निघत नाही, आणि आतला पॅड जवळजवळ लोखंडी पट्टीपर्यंत घासलेला असताना बाहेरच्या पॅडचे लायनिंग निम्मे शिल्लक आहे. हातोडीने ठोकून काढावा का?

सदनिका ५०३ : ठोकल्याशिवाय ते निघणार नाही. आमच्या गाडीचा कॅलिपरही तसाच काढला होता. नंतर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना भरपूर ग्रीस लावा, घरात कोणतेही असले तरी चालेल.

सदनिका ६०१ : ठोकण्याआधी थोडे थांबावे. पहिला प्रश्न असा, की गाडी नुसत्या जॅकवर आहे की खाली स्टँड लावले आहेत?

सदनिका २०४ : स्टँड लावले आहेत, काका. मागच्या चाकांना ठोकळेही आहेत.

सदनिका ६०१ : उत्तम. आता ते दोन पॅड काय सांगत आहेत ते पाहू. ब्रेक ऑईलच्या दाबाने कॅलिपरमधून पुढे येणारा पिस्टन आतल्या पॅडला थेट ढकलतो आणि त्याच्या उलट रेट्याने सगळा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर दाबतो. पिन गंजून किंवा सुकून अडकली, की कॅलिपर सरकत नाही आणि जवळजवळ सगळा भार आतला पॅड एकटा सोसतो. आत न परतणाऱ्या पिस्टननेही आतलाच पॅड संपतो, म्हणून दोन्ही तपासल्याशिवाय नवे पॅड बसवू नयेत. नाहीतर काही महिन्यांत आपण पुन्हा याच जागी बसलेले असाल.

कॅलिपर निघत नाही याचे कारण बहुधा वेगळे आहे. जुन्या डिस्कच्या कडेला झिजेमुळे एक ओठ तयार होतो आणि पॅड त्याला अडतो. जुने पॅड टाकूनच द्यायचे आहेत, तेव्हा आतला पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये जाड स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन हळूहळू थोडा मागे रेटावा. मात्र त्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑईलच्या डब्याची पातळी पाहावी. पॅड झिजताना कोणी वरून ऑईल भरले असेल, तर पिस्टन मागे जाताच ते उतू जाते आणि गाडीचा रंग खाते. माझ्या जुन्या गाडीच्या मडगार्डवर हा धडा कायमचा कोरलेला होता.

सदनिका २०४ : कॅलिपर निघाला. आता तो ब्रेक ऑईलच्या नळीवर लोंबकळत आहे, आणि पिस्टन काही आत जात नाही.

सदनिका ६०१ : आधी त्याला तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा, नळीवर त्याचे वजन एक मिनिटही नको. मग जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. तरीही हलला नाही, तर ब्लीडरच्या (कॅलिपरमधले ऑईल बाहेर सोडायच्या स्क्रूच्या) तोंडाला बारीक नळी लावून, तिचे टोक बाटलीत सोडून, ब्लीडर किंचित उघडा आणि पुन्हा दाबा. तेव्हा पिस्टन सहज गेला, तर दोष पिस्टनचा नसून ऑईल परत जाण्याच्या वाटेत आहे आणि बहुतेक वेळा रबरी नळी आतून फुगलेली असते. उघडूनही गेला नाही, तर पिस्टनच गंजला आहे. या दोन्ही प्रसंगांत मी पुढचे काम गॅरेजवर सोपवीन.

सदनिका २०४ : ब्लीडरला हात लावावा लागला नाही, क्लॅम्पने सावकाश गेला. वरची पिन बोटाने फिरते, पण खालची जागीच घट्ट आहे.

सदनिका ६०१ : म्हणजे गुन्हेगार सापडला. ती सरळ ओढू नका. रबर बूट मागे सारून गंज सोडवणारे तेल थोडे सोडा, अर्धा तास जाऊ द्या आणि मग पान्याने पिन डावीकडे-उजवीकडे थोडी थोडी फिरवत बाहेर घ्या. ते तेल डिस्कवर उडाले, तर ब्रेक क्लीनरने पुसल्याशिवाय पॅड जवळ नेऊ नका. आगीचा तर विचारही नको, बूट आणि सील दोन्ही जळतील.

सदनिका २०४ : निघाली. हिच्या टोकाला रबराची बाही आहे, ती फुगून चिकट झाली आहे. वरच्या पिनेला तशी बाही नाही.

सदनिका ६०१ : मागच्या वेळी कोणीतरी साधे खनिज तेलाचे ग्रीस लावलेले दिसते, ब्रेकमधले रबर त्याने फुगते. (५०३ यांनी कृपया राग मानू नये.) नवी बाही आणावी, भोक साफ करून ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस पातळ थरात लावावे आणि दोन्ही पिनांची अदलाबदल होऊ देऊ नये. ब्रॅकेटमधल्या ज्या खाचांत पॅडचे कान बसतात, तेथील गंजही तारेच्या ब्रशने काढा. नवा पॅड तेथे बोटाने सरकला पाहिजे. बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कइतकेच, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळा. गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा, कारण पहिल्या दाबाला ते तळाशी जाईल.

सदनिका ५०३ : राग कसला, आता मलाही माझी चाके उघडावी लागणार.

सदनिका २०४ : काका, उजव्या बाजूचे पॅड सहज निघाले, म्हणून मी तिकडच्या पिना पाहिल्याच नाहीत. ग्रीस तर तेव्हा त्याच हाताने लावले असेल ना?

सदनिका ६०१ : बहुधा तसेच असेल.

सदनिका २०४ : उजवे चाक पुन्हा उतरवतो आहे.