शब्दचर्चा : 'सिंक'ला मराठीत काय म्हणायचं? मेळ, ताळा की खतावणी?

कोपरीकर :
परवा जेवताना मी सहज म्हणालो की सिंकचा घोळ झालाय, दुपारी बसून बघतो, तर सासूबाई आतून म्हणाल्या "अहो प्लंबरचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय ना". देवनागरीत लिहिलं तरी तेच, बोललं तरी तेच, भांडी घासायचं सिंक आणि हे दोन ॲपमधल्या याद्या आपोआप जुळवायचं सिंक यात काही फरक कळत नाही.

आता घोळ काय ते सांगतो. कामांच्या यादीसाठी मी टूडूइस्ट ॲप वापरतो, बायको गूगल टास्क्स (जीमेलच्या शेजारीच दिसतं म्हणून), आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळे सोसायटीची निम्मी कामं तिच्या यादीत आणि घरची निम्मी माझ्या यादीत अशी सरमिसळ असते. म्हणून एनएटएन (n8n, वेगवेगळी ॲप एकमेकांना जोडायचं साधन) वर दोन वर्कफ्लो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांच्या साखळ्या, बनवले. टूडूइस्टमधे नवं काम आलं की गूगलमधे बनव, आणि गूगलमधे नवं आलं की टूडूइस्टमधे बनव. कोड असा काही लिहावा लागला नाही, चौकोन ओढायचे आणि रेघा जोडायच्या. रात्री चालू करून झोपलो, सकाळी उठून बघतो तर "टाकी धुणाऱ्याला फोन" हे काम दोन्हीकडे तीनशेच्या वर वेळा. बायको म्हणाली, एकदा फोन कर आणि सोडव मला.

घोळ निस्तरतोय, पण प्रश्न शब्दाचा आहे. समक्रमण, संकालन, हिंदीतलं तुल्यकालन, हे सगळे वाचलेत. यातला एकही मी सासूबाईंसमोर उच्चारू शकत नाही. घरात बोलता येईल असा शब्द आहे का?

रबाळे_जेनसेट :
मूळ ग्रीक आहे, सिन म्हणजे सोबत आणि क्रोनोस म्हणजे काळ. आमच्या एमआयडीसीत हा शब्द अगदी अक्षरशः वापरतात. दोन डीजी सेट (डिझेल जनरेटर) एका बसबारवर, म्हणजे विजेच्या एकाच सामायिक पट्टीवर, घ्यायचे तर व्होल्टेज जुळलं पाहिजे, ५० हर्ट्झ जुळलं पाहिजे आणि फेजसुद्धा जुळली पाहिजे, सिंक्रोस्कोपचा काटा बारावर आला की मग ब्रेकर मारायचा, अलीकडे पलीकडे मारलात तर दणका बसतो. तिथे समकालन म्हटलं तर चालेल, कारण खरोखर एकाच क्षणाची गोष्ट आहे. तुमच्या यादीत कसला आलाय काळ? टाकी धुण्याचं काम बायकोच्या फोनवर दहा मिनिटांनी उमटलं तर कुणाचं काय बिघडतं. तेव्हा काळ, क्रम वगैरे शब्दच नकोत असं माझं मत.

कोपरीकर :
हे पटलं. मग 'ताळा' कसा वाटतो? ताळमेळ मधला.

दाणाबाजार_वाशी :
ताळा नको हो. शाळेत गुणाकार झाल्यावर ताळा करून बघायचो तो ताळा, म्हणजे झालेलं बरोबर आहे का एवढंच बघायचं. रुजवात घालणे पण तसंच, दोन कागद शेजारी ठेवून तपासायचे. त्यात इकडचं तिकडे काही जात नाही, तुमचं तर जातंय.

माझे वडील दिवाणजी होते, आधी मस्जिद बंदरला आणि बाजार हलल्यावर इकडे वाशीला गाळ्यावर, त्यामुळे लहानपणी सुट्टीत वह्या बघत बसायचो. तिथे दोन वेगळी कामं असायची आणि दोन वेगळे शब्द. रोजकीर्दीत दिवसाच्या नोंदी जशा घडतील तशा व्हायच्या, आणि मग त्या नोंदी एकेका पार्टीच्या खात्यावर उतरवायच्या, त्याला खतावणी. कीर्दीतून खात्यात, उलटं कधीच नाही. खात्यात बसून कुणी नवी नोंद जन्माला घातली तर वडील वही बंद करून चष्मा काढायचे, मग आम्ही बाहेर पळायचो.

दुसरं म्हणजे रोजमेळ. सकाळची शिल्लक, दिवसाची जमा, दिवसाचा खर्च, आणि संध्याकाळी वहीतली शिल्लक आणि गल्ल्यातली रोकड जुळते का ते बघायचं. नाही जुळली तर मेळ बसेपर्यंत शटर ओढायचं नाही, सव्वा रुपयासाठी रात्रीचे नऊ वाजलेले मला आठवतात. मेळात मात्र दोन्ही बाजू आपापल्या चालतात, वही वेगळी लिहिली जाते आणि गल्ला वेगळा भरतो, म्हणून भांडण झालं तर खरं कुणाचं हे आधी ठरलेलं लागतं. वडिलांचं ठरलेलं होतं, गल्ला खरा.

तर कोपरीकर, इंग्रजीत दोन्हीला सिंक म्हणतात म्हणून तुम्ही फसलात. तुम्ही मेळ घालायला गेलात आणि समोरासमोर दोन खतावण्या लावून ठेवल्यात.

सानपाडा_स्लो :
काका, मी हीच कामं करून पोट भरतो आणि तुमची पोस्ट दोनदा वाचली. क्लायंट म्हणतो "दोन्ही ॲप सिंक करून द्या", आणि पंधरा मिनिटं बोलल्यावर कळतं की त्याला फक्त एका बाजूने उतरवून हवंय. वन-वे आणि टू-वे असं विचारलं की सगळे टू-वेच म्हणतात, जास्त मिळतंय असं वाटतं ना. आता विचारणार, खतावणी हवी का मेळ.

आणि एक तुम्ही सांगायचं राहिलं. कॉमर्सला आम्हाला कीर्दीत एक बारका रकाना असायचा, खा. पा., म्हणजे खाते पान. नोंद कुठल्या पानावर उतरवली तो नंबर तिथे टाकायचा. नंबर असला म्हणजे ती उतरून झाली, परत उतरवायची नाही. कोपरीकरांच्या वर्कफ्लोत नेमका हाच रकाना नाहीये, म्हणून एकाने उतरवलेलं काम दुसऱ्याला परत नवंच वाटतं! टूडूइस्टच्या प्रत्येक कामाला स्वतःचा आयडी असतो, गूगलच्या कामालाही असतो. एका गूगल शीटमधे दोन्ही आयडी शेजारी लिहून ठेवा, आणि नवं काम बनवायच्या आधी बघा की हा आयडी शीटमधे आहे का. असला तर गप्प बसायचं. तेवढ्याने रहाटगाडगं थांबतं. (इन्फिनिट लूपला मी रहाटगाडगंच म्हणतो. गुऱ्हाळ नाही म्हणत, त्यातून निदान गूळ तरी निघतो.)

घणसोली_ताई :
विषय निघालाच आहे तर 'टास्क'बद्दल पण बोला कुणीतरी. झॅपियरमधे (एनएटएनसारखंच ॲप जोडायचं साधन) टास्क म्हणजे करायचं काम नव्हे, त्यांनी पार पाडलेली एकेक ॲक्शन म्हणजे टास्क, बिलाच्या हिशोबासाठी. म्हणजे माझ्या यादीत टास्क दहा पण बिलात टास्क तीस, आमच्या ऑफिसात यावरून एक अख्खी मीटिंग झालीये.

सानपाडा_स्लो :
हो ताई, ट्रिगर (ज्या घटनेने वर्कफ्लो सुरू होतो ती) मोजत नाहीत पण पुढच्या यशस्वी पायऱ्या मोजतात. मी क्लायंटशी बोलताना यादीतल्याला 'काम' आणि बिलातल्याला 'खेप' म्हणतो. टेम्पोवाल्यासारखं, खेपेमागे पैसे.

रबाळे_जेनसेट :
ट्रिगरला चाप म्हणा मग.

घणसोली_ताई :
नको, बंदूक आठवते. 'निमित्त' छान आहे. निमित्त काय झालं की काय करायचं, एवढंच तर सांगायचं असतं.

कोपरीकर :
एनएटएन या नावाचं पण कोडं होतं मला, शोधल्यावर कळलं की मूळ शब्द नोडमेशन, पहिला एन, शेवटचा एन आणि मधली अक्षरं ८ म्हणून आकडा. आपण रा. रा. लिहायचो तेव्हा निदान टिंब तरी द्यायचो.

असो. खातेपानाची शीट लावली आणि चालतंय, काकांना आणि सानपाड्याला दंडवत. फक्त आता नवीन भानगड, माझ्याकडे २५ तारखेचं पाणीपट्टीचं काम बायकोकडे २४ ला दिसतं. एक दिवस आधी भरली म्हणून काही बिघडत नाही म्हणा, पण का?

सानपाडा_स्लो :
आपली २५ सुरू होतानाची मध्यरात्र म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) प्रमाणे २४ च्या संध्याकाळचे साडेसहा, आपण साडेपाच तास पुढे ना. आणि गूगल टास्क्सच्या एपीआयला (बाहेरच्या ॲपने त्याच्याशी बोलायचं दार) तुम्ही वेळ पाठवलीत तरी ते फक्त तारीख ठेवतं, वेळ टाकून देतं. साडेसहा गेले, २४ उरली. वेळेसकट पाठवू नका, आपल्या घड्याळाप्रमाणे नुसती तारीख काढून ती पाठवा.

दाणाबाजार_वाशी :
म्हणजे रबाळेवाले म्हणाले काळाचा संबंध नाही, पण आहे की.

रबाळे_जेनसेट :
तारखेपुरता. मागे घेतो.

घणसोली_ताई :
अजून एक. ड्यू डेटला मुदत म्हणू नका प्लीज. मुदत म्हणजे डेडलाईन, त्यानंतर दंड. आपण यादीत टाकतो तो बरेचदा नुसता दिवस असतो, शनिवारी करू असा. टूडूइस्टने आता हे दोन वेगळे केलेत, दिवस वेगळा आणि डेडलाईन वेगळी.

कोपरीकर :
वर्कफ्लोंची नावं बदलली, 'खतावणी – सोसायटी' आणि 'मेळ – घर'. सोसायटीचं फक्त माझ्याकडून तिच्याकडे जातं, घरचं दोन्हीकडून. भांडण झालं तर खरं कुणाचं तेही ठरवलं, गल्ला तिच्याकडे.

शेवटची शंका, मी एखादं काम पूर्ण न करता डिलीटच केलं तर तिच्याकडचं काय करायचं? झालं म्हणून टिक करायची का उडवायचं?

दाणाबाजार_वाशी :
वहीत खोडायचं नाही. चुकीची नोंद झाली तर उलट नोंद टाकायची, म्हणजे काय झालं होतं ते पुढच्याला दिसतं. तिच्याकडे 'रद्द' लिहून पाठवा.

सानपाडा_स्लो :
टूडूइस्टच्या वेबहुकमधे (काही बदललं की ॲप आपणहून निरोप पाठवतं ती सोय) पूर्ण झालेलं आणि डिलीट केलेलं हे दोन वेगळे निरोप येतात, त्यामुळे करता येईल. वेळ मिळाला की चौकोन जोडून पाठवतो, आत्ता ठाणे लोकल आली.