अनुभव धागा: घोड्यावरचे ते हिरो कुणाला आठवतात?

जुलै २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्टीज लिलावघरात एक घोडा विकला गेला. जिवंत नव्हे. १९६५ मध्ये मेलेला, कातडं साच्यावर चढवून मागच्या दोन पायांवर उभा केलेला. त्याचं नाव ट्रिगर. बोली २ लाख ६६ हजार ५०० डॉलरवर थांबली आणि नेब्रास्कातल्या ओमाहाच्या एका ग्रामीण टीव्ही वाहिनीने तो नेला. मालकाचा कुत्रा बुलेट, तोही असाच जपलेला, त्याच वाहिनीकडे गेला.

मालक म्हणजे रॉय रॉजर्स, चित्रपटांतला गाणारा काऊबॉय. १९४० आणि ५० च्या दशकांत अमेरिकेतल्या पोराटोरांचा देव. त्याचं संग्रहालय आधी कॅलिफोर्नियात होतं, मग मिसुरीतल्या ब्रॅन्सनला हलवलं आणि डिसेंबर २००९ मध्ये कायमचं बंद झालं. तोटा व्हायला लागला तर भावनेपोटी चालवत बसू नका, असं रॉयनेच मुलाला सांगून ठेवलं होतं. रॉयला पाहत वाढलेली मुलं म्हातारी झाली, प्रवास करेनाशी झाली, आणि पुढच्यांना त्याचं काही वाटेना.

मी लॉस एंजेलिसला राहते. दुसरा मोठा गाणारा काऊबॉय जीन ऑट्री. त्याने १९८८ मध्ये उभारलेलं संग्रहालय ग्रिफिथ पार्कात, आमच्या घराजवळच आहे. तिथे शाळांच्या सहली येतात. मुलं मजेत बघतात, पण दारावर ज्याचं नाव आहे तो माणूस कोण, हे बहुतेकांना शिक्षकांनी सांगावं लागतं. हॉलिवूडच्या पदपथावर मूळच्या पाचही विभागांत तारा मिळालेला हा एकमेव कलाकार, आणि त्याची ही गत. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

म्हणून हा धागा. तुमच्या ओळखीत असं कुणी आहे का, ज्याचं बालपण या लोकांनी भारलेलं होतं? सासरचं, शेजारचं, कामावरचं? किंवा तुमचं स्वतःचं? आपण पाहिलेलं-ऐकलेलं लिहा. चित्रपटांच्या याद्या नकोत, त्या सगळीकडे मिळतात.

पोर्ट्समाउथ, ओहायो

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या गावाला नदीच्या पुराची भिंत आहे, तिच्यावर गावाचा इतिहास रंगवलाय आणि त्यात रॉय रॉजर्सही आहे. तो इथलाच. जन्म सिनसिनाटीचा, १९११ चा, खरं नाव लेनर्ड स्लाय. पण वाढला इथून जवळच डक रन नावाच्या वस्तीत, गरिबीत. बापाबरोबर चपला-बुटांच्या कारखान्यात कामाला होता.

माझ्याकडे गुडघा बदललेले एक आजोबा यायचे. चालायचा कंटाळा. एकदा भिंतीवरच्या चित्राचा विषय काढला, तर अर्धा तास बोलत राहिले. रॉय त्यांना आवडायचा तो पिस्तुलासाठी नव्हे. 'आमच्यासारख्या घरातला पोरगा होता, आमच्यासारखंच बोलायचा, आणि कधी कुणाचा अपमान करत नसे,' म्हणाले. दर शनिवारी दुपारी नाण्यावर तिकीट काढून सगळी गल्ली थिएटरात. पुढच्या वेळी त्यांनी त्या काळचा फोटो आणला. सहा मुलं, सगळ्यांच्या डोक्यावर मोठ्या हॅट. 'यातला मी एकटा उरलोय,' एवढंच बोलले आणि चालायला लागले.

एडिसन, न्यू जर्सी

आमच्याकडे हे नाव माणसाचं नाहीच! टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या हमरस्त्यावर, गाडी थांबवली की रॉय रॉजर्स म्हणजे त्या नावाच्या हॉटेलातलं चिकन आणि रोस्ट बीफ सँडविच. मुलीसाठी कोकमध्ये लाल सरबत घातलेलं पेय मागवतो, त्यालाही रॉय रॉजर्सच म्हणतात. तो माणूस होता हे तिला आज हा धागा वाचून सांगितलं. ती म्हणाली, 'घोडा दाखव.' दाखवला. दोनदा बघितला तिने.

डे मॉइन, आयोवा

माझ्या सासूबाई १९४४ च्या. इथल्याच, शेतकरी घरातल्या. मुलांचा रॉय तशी मुलींची डेल एव्हान्स, रॉयची बायको. तिचा घोडा बटरमिल्क. झालरीचा स्कर्ट घातलेला सासूबाईंचा फोटो आमच्या जिन्यात आहे. इतर पोरींना गोष्टीत राजकन्या होऊन सुटकेची वाट बघावी लागे, हिला नाही, हे त्यांचं लाडकं वाक्य.

पण डेल त्यांच्या मनात आहे ती वेगळ्याच कारणाने, आणि ते मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. रॉय आणि डेलना १९५० मध्ये मुलगी झाली, रॉबिन. डाउन सिंड्रोम. तेव्हाचे डॉक्टर सरसकट सांगत की अशा मुलाला संस्थेत ठेवा आणि विसरून जा. यांनाही तेच सांगितलं गेलं. त्यांनी तिला घरी आणलं. दुसऱ्या वाढदिवसाला दोन दिवस असताना ती गेली. डेलने तिच्याविषयी छोटं पुस्तक लिहिलं, 'एंजल अनअवेअर', १९५३ चं. गेलेली रॉबिनच देवाशी बोलते आहे अशा रीतीने. इतक्या प्रसिद्ध जोडप्याने हे लपवलं नाही, चारचौघांत सांगितलं.

सासूबाईंचा धाकटा भाऊ तसाच होता. घरी कुणी पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत ठेवत. मग त्यांच्या आईच्या हाती ते पुस्तक आलं. पुढच्याच रविवारी आईने त्याला नवा शर्ट घातला आणि चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसवलं. तो शेवटपर्यंत घरच्यांत राहिला, मोठा होऊन कोंबड्या सांभाळायचा, माझ्या नवऱ्याला त्यानेच सायकल शिकवली.

लोक म्हणतात रॉय-डेलच्या त्या मालिका भाबड्या होत्या, आजच्या मुलांना बघवणार नाहीत. नसतील. पण डेल विसरली गेली की हेही विसरलं जाणार, आणि ते मला सहन होत नाही. डेल २००१ मध्ये गेली. त्या दिवशी सासूबाईंनी भावाच्या थडग्यावर फुलं नेली होती.

दादर, मुंबई

वय ऐंशीच्या घरात. आमच्यापर्यंत हे लोक पडद्यावरून नव्हे, कागदावरून आले. फोर्टातल्या पदपथावर जुनी अमेरिकन कॉमिक्स मिळत, डेल नावाच्या प्रकाशन कंपनीची (वरच्या डेलशी संबंध नाही). रॉय रॉजर्स, आणि मुखवटा घालणारा घोडेस्वार लोन रेंजर. माझा मोठा भाऊ आणायचा. आमच्या मराठी शाळेत इंग्रजी आठवीत सुरू होई, त्यामुळे अक्षर कळत नसे. चित्रं बघून आम्हीच संवाद रचायचे. आमचा रॉय 'अरे गद्दारा, थांब!' असंच ओरडायचा. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल मिळालं की शिवाजी पार्कात काऊबॉय, टिकल्या संपल्या की पुन्हा मावळे. दोन्हीकडे घोडा असल्यामुळे अडचण येत नसे.

आई हे बघून म्हणायची, 'यात काय नवल? आमची नादिया बघितली नाहीत तुम्ही.' वाडिया मूव्हिटोनच्या १९३५ च्या 'हंटरवाली' चित्रपटाची नायिका. मुखवटा, चाबूक, घोडा, मारामारी. नादिया मूळची ऑस्ट्रेलियातल्या पर्थची, पण लालबागच्या आमच्या आजोळी ती घरचीच. आई तिच्याबद्दल बोलताना पदर खोचून उभी राहायची.

नादिया १९९६ मध्ये गेली, रॉय आणि जीन ऑट्री दोघंही १९९८ मध्ये, तीन महिन्यांच्या अंतराने. नातवाला तिघांचीही नावं माहीत नाहीत. भाऊही आता नाही. त्या संवादांतले अर्धे त्याचे होते, आणि ते मला एकट्याला पुरते आठवत नाहीत. ताईंनी विचारलं म्हणून लिहिलं. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

ब्रँटफर्ड, ओंटारिओ

थोडं वेगळं लिहिते. इथून जवळच सिक्स नेशन्स ही आदिवासींची वस्ती आहे. लोन रेंजरचा साथीदार टोंटो ज्याने टीव्हीवर १९४९ ते १९५७ केला तो जे सिल्व्हरहील्स हा नट मोहॉक जमातीचा, इथलाच. लॅक्रॉस या जाळीच्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याच्या खेळातला अव्वल खेळाडू होता, त्यातूनच हॉलिवूडला पोचला.

माझ्याबरोबर काम करणारी एक नर्स त्या वस्तीतली. ती सांगते, आजी-आजोबा मालिका बघायला जमायचे ते टोंटोसाठी. त्याच्या तोंडी घातलेली मोडकी भाषा ऐकून आजोबा मान खाली घालत आणि त्याचा चेहरा जवळून दिसला की आजी म्हणे, 'हा आपला.' एकाच अर्ध्या तासात दोन्ही. पुढे सिल्व्हरहील्सने लॉस एंजेलिसमध्ये आदिवासी नटांसाठी कार्यशाळा काढली, हे ती सर्वांत अभिमानाने सांगते. तिच्या घरी ही आठवण मुळीच पुसट झालेली नाही. सगळ्यांनी एकाच कारणासाठी आठवण ठेवली नव्हती, हे या धाग्यात असावं असं वाटलं.

आर्डमोर, ओक्लाहोमा

जवळच जीन ऑट्री नावाचं गाव आहे. आधी ते बर्विन होतं. त्याने शेजारी रँच घेतली म्हणून १९४१ च्या नोव्हेंबरात गावाने नाव बदललं. तेव्हा हजारोंची गर्दी लोटली होती, आज वस्ती अगदी थोडी. नवरा-बायको दोघं गेलो होतो. एका बाईंनी रस्ता सांगता सांगता त्याचं रुडॉल्फ रेनडिअरचं गाणं गुणगुणलं. ते गाणं इथे दर नाताळात दुकानादुकानांत लागतं. आवाज कुणाचा हे मलाही त्या दिवशीच कळलं.

धागाकर्ती, लॉस एंजेलिस

डे मॉइनच्या ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या आईकडची प्रत अजून असेल तर फोटो टाका.

दादरचे काका, तुम्हाला एक सांगायचंय. इथे कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी लोन पाइन नावाचं गाव आहे. तिथल्या अलाबामा हिल्सच्या गोलगोल खडकांत रॉयचं, जीनचं, हॉपलाँग कॅसिडीचं चित्रीकरण व्हायचं. तुमच्या कॉमिक्समधले खडक बहुधा त्याच वळणाचे असतील. आणि गंमत म्हणजे १९३९ च्या 'गंगा दीन'साठी त्याच खडकांना हॉलिवूडने हिंदुस्थानची सरहद्द केलं होतं! दर ऑक्टोबरमध्ये तिथे वेस्टर्न चित्रपटांचा महोत्सव भरतो. यंदा मी जाणार आहे. जेवढे संवाद आठवतात तेवढे इथे लिहून ठेवा, अर्धेमुर्धे चालतील. तिथे येणाऱ्या म्हाताऱ्यांना मी ते इंग्रजीत समजावून सांगेन.

दादर, मुंबई

लिहितो. पहिला हा, भावाचाच: 'ट्रिगर, तू पुढे हो, मी या हरामखोराला बांधून आलोच.'