यूपीएससी मुलाखत मराठीतून : दुभाषी बोलत असताना मी काय करू?

नमस्कार. मेन्स (मुख्य लेखी परीक्षा) मराठी माध्यमातून दिली, मुलाखतीलाही मराठीच घेतली आहे. डॅफची (आपण भरलेल्या सविस्तर अर्जाची) तयारी बऱ्यापैकी झालीय, चालू घडामोडींची फार भीती नाही. अडतंय भलतीकडेच.

बोर्डाने इंग्रजीत किंवा हिंदीत विचारलं की दुभाषी ते मराठीत सांगणार. पण प्रश्न मला बहुतेक वेळा आधीच कळलेला असतो. मग लगेच उत्तर सुरू करायचं की थांबायचं? मॉकला (सराव मुलाखतीला) एक सर म्हणाले, थांबलास तर इंग्रजी येत नाही असं वाटेल. दुसरे म्हणाले, मध्येच बोललास तर उतावळा दिसशील. आता कुणाचं ऐकू?

शिवाय बघायचं कुणाकडे? आणि आकडा माहीत नसेल तर काय? जिल्हा बीड, पदवी कृषीची, म्हणजे ऊसतोड कामगारांवर विचारणारच. किती कुटुंबं स्थलांतर करतात याचे आकडे जिथे पाहावं तिथे वेगळे. एकदा "माहीत नाही" म्हणणं ठीक, पण लागोपाठ म्हणावं लागलं तर?

२७५ गुणांचा मामला आहे. ज्यांनी मराठीतून दिलीय त्यांनी प्लीज सांगा.

उत्तर :
मी मराठीतूनच दिली होती. बिनधास्त थांब. तेवढ्यात पहिलं वाक्य जुळवून होतं, ही सोय इंग्रजीतून देणाऱ्यांना नसते! इंग्रजी येत नाही असं कुणाला वाटेल याची काळजी सोड. इंग्रजीचा अनिवार्य पेपर पास झाल्याशिवाय बाकीचे पेपर विचारातच घेत नाहीत, हे बोर्डाला ठाऊक असतं.

बघायचं प्रश्न विचारणाऱ्याकडे, दुभाषींकडे नाही.

खरी मेख वाक्यांच्या लांबीत आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे तू "जरी… तरी… म्हणून…" करत बसलास तर दुभाषी वाक्य संपेपर्यंत लटकून राहतात आणि नेमका मुद्दा गळतो. मत आधी, कारण नंतर. छोटी वाक्यं, मग जरा थांबायचं. याची मॉकमध्ये वेगळी सवय कर, कारण बहुतेक मॉकमध्ये दुभाषी नसतोच.

आकड्याचं म्हणशील तर ही ज्ञानाची परीक्षा नाही, ती लेखीत झाली, असं आयोगाची अधिसूचनाच सांगते. "नक्की आकडा सांगता येणार नाही, सर" एवढं पुरे. मग विषयातलं जे येतं ते सांग : गाळप हंगामामुळे पोरांची शाळा मध्येच तुटते, म्हणून हंगामी वसतिगृहं, ती कुठे कमी पडतात. तेही येत नसेल तर गप्प बस. थापा मारल्या की पुढचा प्रश्न त्याच थापेवर येतो.

धागाकर्ता :
धन्यवाद दादा. पण दुभाषींनी माझं म्हणणं चुकीचं सांगितलं तर?

उत्तर :
आशय उलटा झाला असेल तरच बोल. त्यांचं पूर्ण होऊ दे, मग "सर, मला असं म्हणायचं होतं" म्हणून एका वाक्यात नीट सांग. एखादा शब्द निसटला तर सोडून दे.