चर्चा: सदस्य देशाच्या घरच्या भांडणात बिमस्टेकने (बंगालच्या उपसागराभोवतीच्या सात देशांची संघटना) पडावं की नाही?

मांडवीकर: ऑक्टोबर 2016 मध्ये गोव्यात ब्रिक्स-बिमस्टेक बैठक झाली, तेव्हा म्यानमारतर्फे तिथल्या निवडून आलेल्या नेत्या आंग सान सू ची आल्या होत्या. 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने त्यांना अटक केली. एप्रिल 2025 ला बँकॉकच्या बिमस्टेक परिषदेत त्याच देशाच्या खुर्चीत लष्करप्रमुख मिन आंग ह्लाईंग! बिमस्टेकच्या सनदेतच 'अंतर्गत बाबींत हस्तक्षेप नाही' असं लिहून ठेवलंय, मग विचारणार कोण? आफ्रिकी संघाच्या घटनेत कलम 30 आहे: घटनाबाह्य मार्गाने सत्ता बळकावली की सदस्यत्व स्थगित. तसं कलम इथेही हवं.

डिचोलीकर: आणि कलम लावून काय साधतं? नायजर बघा. 26 जुलै 2023 ला उठाव, 30 ला इकोवासने, म्हणजे पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने, सत्ता परत करायला सात दिवसांची मुदत दिली, नाहीतर बळाचा वापर. सीमा बंद, नायजेरियाने वीज तोडली. इकोवासचे मध्यस्थ राजधानी नियामेला पोचले ते धमकीनंतर, उठावाच्या म्होरक्याला न भेटताच परतले. सैन्य धाडायला नायजेरियाच्याच सिनेटने नकार दिला, मुदत टळली. शेवटी नायजर, माली, बुर्किना फासो तिघेही 29 जानेवारी 2025 ला संघटनेबाहेर. मध्यस्थी करायला गेले आणि सदस्यच गमावून बसले.

मांडवीकर: गाम्बिया विसरलात की सोयीने गाळलात? निवडणूक हरलेला राष्ट्राध्यक्ष जामे हटेना. 19 जानेवारी 2017 ला निवडणूक जिंकलेले बॅरो यांचा शपथविधी सेनेगलची राजधानी डाकारच्या गाम्बियन दूतावासात झाला, त्याच दिवशी सुरक्षा परिषदेचा बॅरोंच्या बाजूने ठराव आला, इकोवासतर्फे सेनेगलचं सैन्य आत शिरलं. 21 ला जामे देश सोडून गेला.

डिचोलीकर: तीन बाजूंनी सेनेगलने वेढलेला चिमुकला देश तो! शिवाय निवडून आलेला माणूस हाताशी होता, खुद्द जामेचा सेनाप्रमुख लढायला तयार नव्हता. नायजरमध्ये यातलं काय होतं?

फोंडेकर: दोघेही दंडुक्यावरच अडलात. घोडं पेंड खातं ते दूताच्या नेमणुकीत. आसियानने (आग्नेय आशियाई देशांची संघटना) 24 एप्रिल 2021 ला जकार्तात म्यानमारसाठी पाच कलमं ठरवली. त्यात ना तारखा, ना मोडल्यास परिणाम. दूत अध्यक्ष देशाचा, म्हणजे दरवर्षी नवा: ब्रुनेई, कंबोडिया, इंडोनेशिया, लाओस, मलेशिया. ओळखपाळख होईतो वर्ष सरतं. ब्रुनेईच्या दूताला तर सू चींना भेटू देईनात, म्हणून त्याने दौराच रद्द केला.
याउलट केनिया, 2008, निवडणुकीनंतर उसळलेली हिंसा. आफ्रिकी संघाने संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान, टांझानियाचे माजी राष्ट्राध्यक्ष म्कापा आणि नेल्सन मंडेलांच्या पत्नी ग्रासा माशेल यांना मध्यस्थ म्हणून बसवलं. मेज एकच, समांतर मध्यस्थी बंद. क्रमही ठरलेला: आधी हिंसा थांबवणं, मग मदत, मग सत्तावाटप, जमिनीचे जुने प्रश्न शेवटी. 28 फेब्रुवारीला सह्या झाल्या, विरोधी नेते ओडिंगांसाठी पंतप्रधानपद निर्माण केलं. सैन्य कुठेच नव्हतं.

डिचोलीकर: फोंडेकरबाब, दूताचं पटलं. कलमाचं नाही. ज्यांच्यावर उद्या ते लागू होणार, तेच आज सही करतील? 2015 ला घानाची राजधानी अक्रात इकोवासपुढे राष्ट्राध्यक्षांना दोनच कार्यकाळ देण्याचा प्रस्ताव होता. अडवला कोणी? टोगो आणि जामेच्या गाम्बियाने.

मांडवीकर: आणि दोन वर्षं व्हायच्या आत त्याच इकोवासचं सैन्य त्याच जामेच्या दारात. प्रस्ताव पडला तरी इकोवासचा 2001 चा लोकशाहीचा करार आधीच सही होऊन पडला होता.