झाडांच्या ग्रँटसाठी गणपतीच्या शिलकीतून उसने – शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय

प्रेषक: मेघना (स्टॉकटन)

मंडळी नमस्कार,

आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या हिशेबाची मेल आली, त्यात शिल्लक दिसतेय. त्यातले अठरा हजार डॉलर चार महिन्यांसाठी उसने मिळतील का?

आमच्या दक्षिण स्टॉकटनच्या संस्थेला कॅलिफोर्निया राज्याची, वंचित वस्त्यांत झाडं लावायची ग्रँट मिळाली, करारावर सह्याही झाल्या. पण सगळं रिइम्बर्समेंटवर आहे. आधी झाडं घ्या, खड्डे खणा, काम करणाऱ्या पोरांचे पगार द्या, पावत्या लावा आणि मग वाट बघा. संस्थेच्या खात्यात एका महिन्याचे पगार निघतील एवढंच आहे. नर्सरीवाला शुक्रवारपर्यंत निम्मी रक्कम मागतोय. नाही दिली तर ओक आणि पिस्ताशची झाडं दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार. पाऊस सुरू झाला की लावायचं ते लावायचं, मार्चनंतर लावलेलं झाड आमच्याकडच्या उन्हात तग धरत नाही.

श्रीकांत, तू नाहीच म्हणणार हे धरून चालले आहे. पण कारण लिही.

मेघना

———

प्रेषक: श्रीकांत (खजिनदार)

मेघना,

कारणं लिहितो. वर्गणी गणपतीच्या नावाने घेतली आहे. दिसते ती सगळी शिल्लक नाही: पुढच्या वर्षीच्या हॉलचं डिपॉझिट, स्मरणिकेच्या छपाईचं बिल आणि त्या साउंडवाल्या प्रकरणानंतर बाजूला ठेवलेला राखीव निधी त्यातच आहे. पाच हजारांवरचा कुठलाही खर्च बायलॉजप्रमाणे सभासदांपुढे ठेवावा लागतो. मंडळाचा उद्देश ‘मराठी भाषा व संस्कृतीचे संवर्धन’ असा नोंदवलेला आहे, त्यात ओकची झाडं कुठे बसवू? टॅक्स रिटर्नवर सही माझी असते.

आणि सरकारने मंजूर केलेली ग्रँट असेल तर बँक का देत नाही?

श्रीकांत

———

प्रेषक: अविनाश (फ्रीमाँट)

श्रीकांतशी सहमत. एक भाबडा प्रश्न: या ग्रँटा नेहमी ठरावीक ठिकाणीच का जातात? आमच्या गल्लीत सिटीने दोन मोठी झाडं तोडली, तीन वर्षं अर्ज करतोय, एक रोप नाही. कॅलिफोर्नियाचा टॅक्स आम्हीही भरतो, आणि तोही कमी नाही. ‘वंचित वस्ती’ कोण ठरवतं?

अविनाश

———

प्रेषक: केतकी (ट्रेसी)

अविनाशकाका, हे पैसे तुमच्या इन्कम टॅक्समधले नाहीत. राज्यात २०१२ पासून कार्बन परवान्यांचा (म्हणजे कार्बन वायू हवेत सोडायच्या परवानगीचा) लिलाव होतो. रिफायनऱ्या, वीज कंपन्या, मोठे कारखाने परवाने विकत घेतात आणि तो पैसा वेगळ्या निधीत जातो. (पेट्रोलच्या भावात आपण थोडं भरतो, तेवढी तुमची तक्रार मान्य.) त्याच वर्षी एसबी ५३५ कायदा झाला, की या निधीचा ठरावीक वाटा प्रदूषणाचा जास्त मार बसणाऱ्या वस्त्यांसाठी जायलाच हवा. २०१६ च्या एबी १५५० कायद्याने तो आणखी घट्ट केला: किमान २५ टक्के खर्च प्रत्यक्ष त्या वस्त्यांच्या हद्दीत, आणि वर कमी उत्पन्नाच्या घरांसाठी वेगळा हिस्सा.

वस्ती ठरवायला कॅलएन्व्हायरोस्क्रीन नावाचा नकाशा आहे. प्रत्येक जनगणना विभागाला २१ निर्देशांकांवर गुण: डिझेलचा धूर, ओझोन, पिण्याचं पाणी, दम्याचे रुग्ण, कमी वजनाची बाळं, बेकारी, घराच्या भाड्या-हप्त्याचा बोजा, घरात कोणालाच नीट इंग्रजी येत नाही का, असं बरंच. वरचे २५ टक्के विभाग वंचित धरतात. तुमचा पत्ता टाकून बघा. मी माझा टाकला होता, हाती काही लागणार नाही. दक्षिण स्टॉकटनला बंदर, रेल्वे यार्ड, आय-५ आणि हायवे ४ हे महामार्ग, चारी बाजूंनी ट्रक. उन्हाळ्यात पारा शंभर फॅरनहाइटच्या वर गेला की उत्तर स्टॉकटनच्या गल्ल्यांत सावली असते आणि दक्षिणेत नुसतं डांबर.

केतकी

———

प्रेषक: जयंत (सॅन रामोन)

दक्षिण स्टॉकटनचा विषय निघाला म्हणून. तिथला गुरुद्वारा १९१२ चा, अमेरिकेतला पहिला. ज्वाला सिंग आणि वसाखा सिंग यांनी उभा केला, आणि इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीची माणसं तिथे उठबस करत. आपल्या लोकांना वाटतं गदर म्हणजे फक्त पंजाबी. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदरच्या पायाभरणीत होते. ते शेतीशास्त्र शिकायला इकडे आले होते आणि पुढे मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर काम करून नाव मिळवलं. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे सिएटलला इंजिनिअरिंग शिकत होते, नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभाबरोबर फाशी गेले. तेव्हा ‘स्टॉकटनशी आपला काय संबंध’ असं कोणी म्हणू नये.

यावर मी स्मरणिकेसाठी सविस्तर लेख दिला होता. तो निम्मा कापला.

जयंत

———

प्रेषक: संपदा (स्मरणिका)

जयंतराव, निम्मा नाही. शेवटची दोन पानं, आणि ती जाहिराती उशिरा आल्या म्हणून. तेव्हा सांगितलं होतं.

‘स्टॉकटनशी काय संबंध’ असं या धाग्यात कोणीच म्हटलेलं नाही.

संपदा

———

प्रेषक: वैशाली (ओकलंड)

श्रीकांतच्या ‘बँक का देत नाही’ला उत्तर देते. माझी पंधरा-सोळा वर्षं सामाजिक संस्थांचे हिशेब लिहिण्यातच गेली आहेत.

बँक तारण मागते. ग्रँटचा करार तारण म्हणून बहुतेक बँकांना चालत नाही, कारण त्यात लिहिलेलंच असतं की पावती नियमात बसली नाही तर पैसे मिळणार नाहीत. संस्थेकडे इमारत नाही, ठेव नाही. म्हणजे ज्यांच्याकडे पैसे नाहीत म्हणून योजना काढली, त्यांनीच आधी पैसे घालायचे. मोठ्या संस्थांना काही वाटत नाही, सहा महिन्यांचा खर्च त्यांच्या खात्यात पडून असतो. म्हणून अर्ज वस्तीच्या नावाने होतात आणि पैसा पुष्कळदा बाहेरच्या मोठ्या संस्थेमार्फत येतो. ती आपला प्रशासनाचा वाटा ठेवून बाकीचा खाली देते. यात बेकायदा काही नाही, पण मला पटत नाही.

आता पैसे नेमके कुठे अडकतात ते. इन्व्हॉइस बहुधा तीन महिन्यांनी एकदा. त्याला टाइमशीट, धनादेशांच्या प्रती, झाडांचे फोटो जोडायचे. तिकडून प्रश्न येतात, परत पाठवायचं. एका कामात आमचं इन्व्हॉइस दोन कागदांवर तारखा जुळत नाहीत म्हणून परत आलं आणि पुढच्या तिमाहीत गेलं. तोवर संचालिकेने स्वतःच्या क्रेडिट कार्डवर पगार काढले. बऱ्याच करारांत प्रत्येक बिलातले १० टक्के काम पूर्ण होईपर्यंत राखून ठेवतात. मेघनाची संस्था थेट करारात आहे की कोणाची उपकंत्राटदार? उपकंत्राटदार असेल तर दोन दारांत थांबावं लागेल, चार महिने विसरा.

२०२३ चा एबी ५९० कायदा नीट वाचा. राज्य सरकारचं खातं ना-नफा संस्थेला ग्रँटच्या २५ टक्क्यांपर्यंत आगाऊ देऊ शकतं, आणि वंचित वस्त्यांत काम करणाऱ्यांना प्राधान्य आहे. ‘देऊ शकतं’, द्यायलाच हवं असं नाही. त्यासाठी खर्चाचं अंदाजपत्रक आणि वेळापत्रक द्यावं लागतं, पैसा व्याजी खात्यात ठेवावा लागतो. मेघना, लेखी मागितलंस का? फोनवर ‘आमच्याकडे पद्धत नाही’ असं सांगतात. लेखी मागितल्यावर कोणाला तरी लेखी उत्तर द्यावं लागतं.

आणि कोणी मोठ्या मनाने ‘मंडळच नर्सरीचं बिल भरेल’ असं सुचवू नका. पावती मंडळाच्या नावाने आली की तो संस्थेचा खर्च राहत नाही, आणि एक सेंटही परत मिळणार नाही.

वैशाली

———

प्रेषक: श्रीकांत (खजिनदार)

१० टक्के राखून ठेवतात म्हणजे अठरा हजारांतले अठराशे कधी येणार? हे पहिल्या मेलमध्ये नव्हतं.

श्रीकांत

———

प्रेषक: प्रसाद (सॅन होजे)

राखून ठेवलेल्याचं जाऊ दे, ग्रँटच रद्द झाली तर? फेडरल सरकारचं बघितलं ना. २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टमध्ये अशाच वस्त्यांसाठी ३ अब्ज डॉलर ठेवले होते, आणि २०२५ मध्ये मंजूर झालेल्या, सह्या झालेल्या ग्रँटा रद्द केल्या. लोक कोर्टात गेले. आपले अठरा हजार असे अडकले तर पुढच्या वर्षी मूर्ती पेपर माशेची करू या का?

प्रसाद

———

प्रेषक: केतकी (ट्रेसी)

प्रसाद, तो पैसा वॉशिंग्टनचा, हा सॅक्रामेंटोचा, म्हणजे राज्याचा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये विधिमंडळाने लिलावाची योजना २०४५ पर्यंत वाढवली. लिलावात कमी पैसे आले तर पुढच्या ग्रँटा आटतील हे खरं, पण सही झालेल्या कराराचं तसं नाही. याच निधीतून २०१८ मध्ये फ्रेस्नोला ६ कोटी ६५ लाख डॉलर मंजूर झाले, २०२० मध्ये स्टॉकटनलाच १ कोटी ८ लाख. त्यातून छपरांवर सोलर बसलं, झाडं लागली. नवीन प्रकार नाही हा.

पेपर माशेची मूर्ती तशीही करायला हवी.

केतकी

———

प्रेषक: उषा (माउंटन हाउस)

मेघना बेटा, पैशाचं तुम्ही बघा. मी लातूर जिल्ह्यातली, शाळेत शिक्षिका होते. दर पावसाळ्यात वृक्षारोपण. पाहुणे येत, फोटो निघे, पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत नवीन रोपं. नंतर आमच्या मुख्याध्यापकांनी प्रत्येक झाड एका मुलाला वाटून दिलं आणि डबा धुतलेलं पाणी तिथेच ओतायचा नियम केला, तेव्हा कुठे चार कडुनिंब जगले. तुमच्याकडे पाणी कोण घालणार? आणि घरासमोर झाड लावायला लोक हो म्हणाले का? मी इथे शेजारणीला विचारलं तर म्हणाली, नको ग बाई, मुळं फुटपाथ उचलतात.

उषा मावशी

———

प्रेषक: मेघना (स्टॉकटन)

उषामावशी, अगदी तिथेच अडतंय. कॅलिफोर्नियात घरासमोरचा फुटपाथ दुरुस्त ठेवायची जबाबदारी कायद्याने घरमालकावर असते, आणि बरीच शहरं ती तशीच लावतात. त्यामुळे म्हातारे घरमालक घाबरतात. भाडेकरूंना सावली हवी आहे, त्यांची पोरं दम्याने आजारी पडतात, पण सही मालकाची लागते आणि मालक राहतो लॉस एंजेलिसला. आम्ही मुळं खोल जाणाऱ्या जाती निवडल्या आहेत, तरी एकेका सहीसाठी तीन-तीन पत्रं जातात. पाण्याचे पैसे पहिली तीन वर्षं ग्रँटमध्ये आहेत. टाकीचा ट्रक आणि तो फिरवायला वस्तीतलीच दोन मुलं. त्यांचे पगार हाच मोठा खर्च आहे.

वैशालीताई, करार थेट आहे. ॲडव्हान्सचं फोनवर विचारलं होतं, तुम्ही लिहिलंत तेच उत्तर मिळालं. काल रात्री कलमासकट लेखी पाठवलं. आज दुपारी प्रोग्रॅमच्या बाईंचा फोन आला, अंदाजपत्रक मागवलंय. ॲडव्हान्स आला तरी महिना-दीड महिना जाईल, म्हणून अठरा हजारांचा आग्रह सोडते. नर्सरीचे साडेसहा हजार मिळाले तरी पहिला लॉट अडवून ठेवता येईल.

अविनाशकाका, शनिवारी तुमचा पिकअप मिळेल का?

मेघना

———

प्रेषक: अविनाश (फ्रीमाँट)

पिकअप देतो. चालवायला मीच येणार, क्लच दुसऱ्या कोणाला जमत नाही. पत्ता टाकून बघितला, फ्रीमाँटला खरंच काही नाही.

अविनाश

———

प्रेषक: श्रीकांत (खजिनदार)

साडेसहा हजारही पाचवर आहेत, त्यामुळे ठराव लागणारच. कार्यकारिणीशी बोललो. मसुदा:

‘मंडळाच्या राखीव निधीतून (गणपतीच्या वर्गणीतून नव्हे) सदर संस्थेस वृक्षलागवडीसाठी ६,५०० डॉलरची परतफेडयोग्य देणगी देण्यात यावी. परतफेड राज्याकडून आगाऊ रक्कम मिळाल्यापासून १५ दिवसांत, अन्यथा ३१ मार्चपर्यंत. संस्थेच्या दोन संचालकांच्या सह्या आवश्यक.’

उद्देशाच्या कलमात ‘सामाजिक कार्य’ हेही आहे असं संपदाने दाखवलं. गुरुवारी रात्री ९ पर्यंत ईमेलने मत द्या. कोरम २१.

श्रीकांत

———

प्रेषक: वैशाली (ओकलंड)

‘परतफेडयोग्य देणगी’ काढ. देणगी लिहिलंस की उद्या लेखापरीक्षक विचारेल, त्याच झाडांसाठी देणगी घेतली आणि सरकारकडूनही वसूल केले का? मेघनाची संस्था नाहक अडकेल. ‘बिनव्याजी कर्ज’ लिही, आणि तारीख ३१ मार्चऐवजी ३० जून घाल. पहिल्या तिमाहीचं बिल मार्चमध्ये सुटलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

माझं मत होकारार्थी.

वैशाली

———

प्रेषक: जयंत (सॅन रामोन)

होकार. शनिवारी मीही येतो, अविनाशने मला डब्लिनहून उचलावं. लेखाची कापलेली दोन पानं सोबत आणतो, कोणाला वाचायची असल्यास.

जयंत

———

प्रेषक: श्रीकांत (खजिनदार)

शब्द बदलला. तारीख ३१ मेपेक्षा पुढे नेणार नाही, जूनमध्ये हॉलचा दुसरा हप्ता असतो. आतापर्यंत मतं १४, नकार २. सात जणांनी नुसताच अंगठा पाठवलाय, तो मी धरलेला नाही. कृपया शब्दांत लिहा.

श्रीकांत