तापमान मोजणं पुरेसं नाही

हृदयाचे अनियमित ठोके थांबवण्यासाठी अ‍ॅब्लेशनमध्ये हृदयाचा थोडा भाग अनेकदा उष्णतेने निकामी करतात. त्या वेळी अन्ननलिकेत तापमान मोजणारी नळी घातली की अन्ननलिकेची काळजी मिटली, हे म्हणणं अर्धंच खरं आहे. अन्ननलिका डाव्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याच्या) मागे काही मिलिमीटरवर असते. सेन्सर जरा बाजूला राहिला तर भाजलेलं कळतच नाही. म्हणून काही ठिकाणी अन्ननलिकेच्या आतून नळीने थंड पाणी फिरवतात. पल्स्ड फील्ड अ‍ॅब्लेशनमध्ये भिस्त उष्णतेवर नसून विजेच्या अगदी छोट्या झटक्यांवर असल्याने हा धोका बराच कमी.

माझी खरी कळकळ घरी गेल्यानंतरची. अन्ननलिका आणि हृदय यांच्यात छिद्र पडणं दुर्मीळ, पण जीवघेणं. साधारण १ ते ६ आठवड्यांत ताप, गिळताना दुखणं, बोलणं अडखळणं दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा, अ‍ॅब्लेशन झाल्याचं आधी सांगा. अशा वेळी एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी) नको, छातीचा सीटी स्कॅन हवा. दुर्बिणीतून सोडलेली हवा हृदयात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकते.